गावच्या इतिहासाचा अंक काढताय? मग तारखा तपासायला बसा

गोव्यातल्या एखाद्या गावात चार इतिहासवेडे जमले, गणेशचवथीपर्यंत अंक काढूया ठरलं, कव्हरवर कुठल्या देवळाचा फोटो यावर तासभर वाद झाला, की सगळ्यांना वाटतं अंक निघालाच. तसा नाही निघत. आणि ते व्हिजन लिहा, टार्गेट वाचक ठरवा वगैरे सल्ले बाजूला ठेवा, बिनपगारी टीमला त्याचा काडीचा उपयोग नाही.

टीम छोटी ठेवा. शेवटचा शब्द एकाचाच, दोघं-तिघं तपासणारे आणि एक जण फक्त फाइली नि फोन सांभाळणारा. यात एक तरी पोर्तुगीज वाचणारा हवा नि एक मोडी वाचणारा. १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत, लिसेवात म्हणजे तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात शिकलेली मंडळी आता ऐंशीच्या घरात नाहीतर त्याच्याही पुढं आहेत, त्यांना पीडीएफ पाठवून काही होत नाही, मोठ्या टायपात प्रिंट काढून घरी जा.

लेख मागवताना लेखकाला पहिल्याच फोनवर सांगायचं की युनिकोडमध्ये टाइप करा आणि ज्या कागदावरून लिहिलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढून सोबत पाठवा. फोटो नाही तर लेख रांगेत मागं.

आता तपासणी. आमची सगळ्यात जास्त दमछाक इथंच झालीय आणि बरेचसे हौशी अंक इथंच घसरतात, कारण टीमला शुद्धलेखन तपासणं म्हणजेच संपादन वाटतं. लेख हातात आला की वेलांटी-उकार बघायचेच नाहीत. लाल पेन घ्यायचं नि तारखा, गावांची नावं आणि 'आमच्या घराण्याने' असं सुरू होणारं प्रत्येक वाक्य अधोरेखित करायचं. प्रत्येकासमोर एकच प्रश्न, हे कुठून आलं? 'आजोबा सांगायचे' हे उत्तरही चालतं, फक्त मग छापताना आजोबा सांगायचे असंच छापायचं, शिलालेखाच्या थाटात नाही.

शके आलं की लोक डोळे झाकून ७८ मिळवतात. चैत्रापासून ते जमतं, पण इंग्रजी वर्ष पालटलं की ७९ मिळवावे लागतात. शके १७०९ चा चैत्र १७८७ मध्ये पडतो, त्याच शकातला माघ १७८८ मध्ये. मार्गशीर्ष-पौषाचा सांधा तर हमखास फसवतो, तिथं तिथी घेऊन जंत्रीच, म्हणजे तिथी-तारखांचं कोष्टकच बघायचं, अंदाज नको.

पोर्तुगीज कागदाची वेगळीच गंमत. जुन्या हस्ताक्षरात ७ चा आकडा नि त्याला चिकटून 'ब्रो' असं दिसलं की नवखा माणूस बिनधास्त जुलै लिहितो. तो सप्टेंबर असतो! ८ ला 'ब्रो' म्हणजे ऑक्टोबर, ९ ला नोव्हेंबर, रोमन दहा असेल तर डिसेंबर. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत ही चूक इतकी ठरलेली आहे की लेखात जुलै-ऑगस्ट दिसला की मी आधी मूळ कागदाचा फोटो मागते.

आणि ते 'साडेचारशे वर्षांची गुलामगिरी'. अहो, कुठल्या गावाबद्दल बोलताय? तिसवाडी १५१० पासून, बारदेस-साष्टी १५४३ पासून, पण पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं १७८८ मध्ये, फोंड्याचा ताबा त्यांनी घेतला १७६३ मध्ये. त्यामुळे सोळाव्या शतकात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, पेडण्यातलं देऊळ पाडलं असा लेख आला तर पुढं वाचायच्या आधी फोन उचला. गावांच्या नावांचंही तसंच, पोर्तुगीज कागदात केलोसिम वेगळं नि कावेलोसिम वेगळं. कवळ्याच्या शांतादुर्गेचं मूळ स्थान पहिल्या गावात, दुसऱ्यात नाही. 'इल्यास' दिसलं तर ते तिसवाडी, नकाशात बेट शोधत बसू नका.

सगळ्यात जपून वागायचं ते महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांच्या बाबतीत. देवस्थानांचा १९३३ चा पोर्तुगीज नियम अजून लागू आहे, मूळ महाजन कोण यावरून मामलेदारापासून कोर्टापर्यंत भांडणं चाललेली असतात, नि तुमच्या अंकाचं झेरॉक्स उद्या तिथं पुरावा म्हणून दाखवलं जातं. एकाच घराण्याची बाजू असलेला लेख आम्ही घेतच नाही. लेखक रुसतो, रुसू दे.

खात्री कुठं करायची? पणजीचं पुराभिलेख खातं, पाटोची सेंट्रल लायब्ररी, पर्वरीचं झेवियर सेंटर. नेमणुका, बदल्या, सरकारी हुकूम यांसाठी १८३७ पासूनचं बोलेतीं, म्हणजे त्या काळचं सरकारी गॅझेट. गुगलवर मिळालेली तारीख म्हणजे तपासलेली तारीख नव्हे, कारण बऱ्याचदा ती तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी अंकातून तिथं गेलेली असते.

दुरुस्ती लेखकाला व्हॉट्सॲपवर कळवायची नाही. निवृत्त मास्तरांना लाल रेघांचा फोटो पाठवलात तर लेख परत मागतील. घरी जायचं, चहा घ्यायचा, मग हळूच, 'मास्तर, हा माघ पुढच्या वर्षात जातो हां,' आणि जंत्री समोर ठेवायची. आकडा त्यांनाच बदलू द्या. विचारल्याशिवाय बदल करायचा नाही म्हणजे नाही, भले अंक चवथीचा दिवाळीला जाऊ दे.

पुढचं सोपं. प्रूफ दोघांनी वाचायचं, एकानं मोठ्यानं. जुन्या फॉन्टमधून आलेल्या लेखात रफार आणि जोडाक्षरं आधी बघा, तीच तुटतात. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख-नंबर, दिल्लीहून फुकट मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. प्रती कमीच छापा, गठ्ठे कुणाच्या तरी माळ्यावर वाळवीला जातात. सेंट्रल लायब्ररीत प्रती पोचवा, जत्रेत टेबल लावा, क्यूआर कोड लॅमिनेट करून न्या आणि सुट्टे पैसेही, देवळाजवळ नेटवर्क असेलच असं नाही.