नवीन फोनची बॅटरी दुपारीच उतरते? सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी हे करून पाहा

नवीन फोन घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात घरोघरी एक तक्रार ऐकू येते. जुना फोन संध्याकाळपर्यंत चालायचा, हा दुपारीच चार्जर मागतो. खोक्यावर तर बॅटरीची क्षमता म्हणून पाच-सहा हजार एमएएच छापलेलं असतं. माझ्या ओळखीत कुणी नवा फोन घेतला की बॅटरीचा विषय माझ्याकडे येतोच, आणि बहुतेक वेळा बॅटरीत खोट निघत नाही. जुन्या फोनमधला सगळा पसारा नव्यात आलेला असतो आणि सेटिंग्ज कंपनीने दिल्या तशाच असतात. या दोन गोष्टी नीट केल्या तर फोन दिवसभर चालतो. खाली सांगितलेला क्रम अँड्रॉइडचा आहे, आयफोनचं वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलं आहे.

पहिला आठवडा: फोनला त्याचं काम करू द्या

जुन्या फोनवरून डेटा घेतला की पडद्यावर 'पूर्ण झालं' असं दिसतं, पण आतलं काम तेव्हा कुठे सुरू होतं. सगळी ॲप्स प्ले स्टोअरवरून नव्याने उतरतात आणि लगेच त्यांचे अपडेट येतात. गॅलरी हजारो फोटो चाळून त्यातले चेहरे आणि जागा ओळखत बसते. व्हॉट्सॲपचे संदेश आधी येतात, फोटो आणि व्हिडिओ मागाहून तासन् तास उतरत राहतात. शिवाय अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोनमध्ये 'ॲडॅप्टिव्ह बॅटरी' आहे. तुम्ही कोणती ॲप्स रोज उघडता आणि कोणती महिन्यातून एकदा, हे ती पाहते आणि त्यानुसार कमी लागणाऱ्या ॲप्सना मागे गप्प बसवते. नव्या फोनला तुमच्या सवयी माहीतच नसतात, त्या कळायला काही दिवस जातात. आयफोनही सेटअपनंतर असंच मागे काम करत राहतो.

म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री फोन वाय-फायवर ठेवून चार्जिंगला लावा आणि झोपा. ॲप्सची बरीचशी मांडामांड फोन चार्जरवर निवांत पडलेला असतानाच होते. आठवडाभर बॅटरीबद्दल कुठलंही मत बनवू नका, फोन थोडा गरम लागला तरी घाबरू नका.

आणि हो, नवा फोन वापरण्याआधी आठ तास चार्ज करावा हा सल्ला आजही दुकानात मिळतो. तो जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचा. आजच्या लिथियम बॅटरीला त्याची गरज नाही.

मग एक साधी रात्रीची चाचणी

आठवड्यानंतर एका रात्री झोपताना बॅटरी किती टक्के आहे ते कागदावर लिहा. चार्जर लावू नका, फोन नेहमीसारखा चालू ठेवा. सकाळी उठल्याबरोबर आकडा पाहा. सात-आठ तासांत चार-पाच टक्के उतरले असतील तर फोनची तब्येत ठीक आहे. तुमची बॅटरी दिवसा स्क्रीन आणि नेटवर्क खातात. रात्री स्वस्थ पडूनही दहा-पंधरा टक्के गेले असतील, तर मागे एखादं ॲप जागं आहे किंवा घरात रेंज कमी आहे. ही चाचणी आधी करा, कारण पुढे काय शोधायचं ते यावरूनच ठरतं.

बॅटरी कोण खातंय, ते फोनलाच विचारा

सेटिंग्जमध्ये बॅटरी, आणि त्यात 'बॅटरी युसेज'. कंपनीगणिक नाव थोडं बदलतं. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये 'बॅटरी' टाइप करा. इथे ॲप्सची यादी आणि प्रत्येकासमोर टक्के दिसतात. बहुतेक लोक सगळ्यात वरचं नाव पाहून त्यालाच दोष देतात, आणि गडबड इथेच होते. तीन तास व्हिडिओ पाहिले असतील तर व्हिडिओचं ॲप वर असणारच. एखाद्या नावावर बोट ठेवलं की आत वेळेचे दोन आकडे दिसतात. ॲप समोर उघडं किती वेळ होतं आणि मागे, म्हणजे बॅकग्राउंडला, किती वेळ चाललं. तुमचं लक्ष दुसऱ्या आकड्यावर हवं.

माझ्या मावशीच्या फोनवर हे पान उघडलं तेव्हा यादीत तिसरं नाव पंचांगाच्या ॲपचं होतं. सकाळी तिथी बघायला ती ते दोन मिनिटं उघडते, आणि बॅकग्राउंडचा वेळ मात्र कित्येक तासांचा. सूर्योदयाची वेळ काढायला अशा ॲपला तुमचं ठिकाण लागतं. नवीन फोनवर ॲपने परवानगी मागितली तेव्हा तिने लोकेशन 'नेहमी' असं देऊन टाकलं होतं. ते 'फक्त ॲप वापरताना' असं केलं आणि त्याचं मागचं चालणं थांबलं. तिथी अजूनही बरोबर दिसते.

तुमच्या यादीतही असं एखादं ॲप सापडेल. खरेदीचं, बातम्यांचं, मुलांनी टाकलेल्या गेमचं, किंवा जुन्या फोनवरून आपोआप आलेलं आणि वर्षभर न उघडलेलं. या शेवटच्या जातीची ॲप्स आधी सरळ काढून टाका. जी ठेवायची आहेत त्यांच्यासाठी हे करा:

ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो' उघडा, त्यात 'बॅटरी'. तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड', 'ऑप्टिमाइज्ड' आणि 'रिस्ट्रिक्टेड' असे पर्याय असतात. नव्या अँड्रॉइडमध्ये आधी बॅकग्राउंडचं बटण बंद-चालू करायला मिळतं. कधीमधी लागणारं ॲप 'रिस्ट्रिक्टेड' करा. सॅमसंगमध्ये यासाठी 'डीप स्लीपिंग ॲप्स' अशी वेगळी यादीच आहे. शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' किंवा 'ऑटो लाँच' शोधा आणि नको त्या ॲप्सचं बटण बंद करा.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये लोकेशन उघडून 'ॲप परमिशन्स' पाहा. 'ऑल द टाइम' या मथळ्याखाली जितकी नावं आहेत, त्यातल्या प्रत्येकाला खरंच दिवसभर तुमचा पत्ता हवा आहे का, हे स्वतःला विचारा. टॅक्सीच्या आणि जेवण मागवण्याच्या ॲपला तर अजिबात नको. नोटिफिकेशनचंही तसंच. अँड्रॉइड १३ पासून नवं ॲप आधी विचारतं, पण फोन बदलताना आपण घाईघाईत सगळीकडे 'अलाउ' दाबत सुटतो. दर ऑफरला स्क्रीन उजळते, फोन थरथरतो, आणि हे दिवसभर चालतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अलार्मचं ॲप, व्हॉट्सॲप, स्मार्टवॉचचं ॲप, आणि घरात कुणी मधुमेहाचा सेन्सर लावत असेल तर त्याचं ॲप, यांना कधीही 'रिस्ट्रिक्टेड' करू नका. साखर खाली गेल्याची सूचना वेळेवर न येणं हे बॅटरी उतरण्यापेक्षा फार महाग पडेल. सॅमसंगमध्ये अशी ॲप्स 'नेव्हर ऑटो स्लीपिंग' यादीत घालून ठेवा.

रेंज: जिथे कुणाचं लक्ष जात नाही

जुना फोन फोर-जी आणि नवा फाइव्ह-जी असेल, तर माझा पहिला संशय इथेच असतो. टॉवर लांब असेल तर फोन जास्त जोर लावून सिग्नल पाठवतो. फाइव्ह-जी कधी मिळतं, कधी जातं अशा जागी फोन सारखा या जाळ्यावरून त्या जाळ्यावर उड्या मारतो. भारतात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि शहरांत आता बऱ्यापैकी पसरलं आहे, पण घराच्या आतल्या खोलीत, तळमजल्यावरच्या दुकानात, घाटातल्या गावात ते अजूनही डळमळीत असतं. फोनच्या कोपऱ्यात फाइव्ह-जीची एकच काडी दिसत असेल, तर सेटिंग्जमध्ये सिम किंवा मोबाइल नेटवर्क उघडा, 'प्रेफर्ड नेटवर्क टाइप'मध्ये फोर-जी किंवा एलटीई निवडा आणि दोन दिवस वापरून पाहा. यूपीआय, व्हॉट्सॲप, व्हिडिओ यांना चांगलं फोर-जी पुरेसं आहे. काही फोनमध्ये 'स्मार्ट फाइव्ह-जी' असतं. ते सुरू ठेवलं तर गरज नसताना फोन आपणच फोर-जीवर येतो.

दुसरं सिमही तपासा. गावाकडचं सिम किंवा फक्त बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेलं सिम दुसऱ्या खाचेत असतं, आणि त्या कंपनीची रेंज तुमच्या ऑफिसात नसेल तर फोन दिवसभर तिचा टॉवर शोधत राहतो. सेटिंग्जमधून ते सिम कामाच्या वेळेपुरतं बंद करता येतं, काढावं लागत नाही. मात्र बंद असताना त्यावर ओटीपी येणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

घरात वाय-फाय असेल आणि रेंज कमी असेल तर 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करा. जिओ आणि एअरटेल दोघांकडे ते आहे. कॉल वाय-फायवरून जातो आणि फोनला लांबच्या टॉवरशी झुंजावं लागत नाही.

प्रवासात हेच सगळं दसपट होतं. कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे जाताना एकामागून एक बोगदे येतात, त्यात करबुडेचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. रेंज येते-जाते, फोन प्रत्येक वेळी नव्याने शोधाशोध करतो आणि तुम्ही हातही न लावता गरम होतो. गाणी आधीच उतरवून ठेवा, त्या टप्प्यात एअरप्लेन मोड लावा आणि स्टेशन आल्यावर काढा. ताम्हिणी किंवा आंबोली घाटातून गाडीने जातानाही हेच करा.

स्क्रीनचं थोडक्यात

ब्राइटनेस ऑटोवर ठेवा, पण पहिले काही दिवस तुम्हाला हवा तसा पट्टी ओढून कमी-जास्त करत राहा; फोन तुमची आवड शिकतो. नवा फोन १२० हर्ट्झचा, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला १२० वेळा बदलणारा असेल तर डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये 'मोशन स्मूदनेस' किंवा 'रिफ्रेश रेट' ६० वर आणून पाहा. वयस्कर मंडळींना यात फारसा फरक जाणवत नाही, बॅटरीला मात्र जाणवतो. बंद स्क्रीनवर घड्याळ दाखवणारं 'ऑल्वेज ऑन' आणि लॉक स्क्रीनवर आपोआप बदलणारी चित्रं-बातम्या, दोन्ही बंद करा. स्क्रीन तीस सेकंदांत विझू द्या.

डार्क मोडबद्दल लोक फार आशा ठेवतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ओलेड स्क्रीनच्या, म्हणजे जिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा, फोनवर हे मोजलं. ब्राइटनेस पूर्ण असेल तर डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचते, पण आपण घरात ठेवतो तशा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर फक्त ३ ते ९ टक्के. म्हणजे उन्हात फिरून काम करणाऱ्याला त्याचा खरा उपयोग आहे. स्क्रीन एलसीडी, म्हणजे मागून सतत दिवा लागलेली असेल तर जवळजवळ काहीच नाही.

व्हॉट्सॲपमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'त जाऊन मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सकाळच्या सुप्रभातांचा भार कमी होतो आणि गॅलरीही सुटसुटीत राहते.

हे मात्र करू नका

'रॅम क्लीनर', 'बॅटरी डॉक्टर' अशा नावांची ॲप्स टाकू नका. ती स्वतःच मागे चालतात आणि जाहिराती दाखवतात. दर वेळी सगळी ॲप्स वर सरकवून बंद करण्याची सवयही सोडा. रोज लागणारं ॲप असं बंद केलं की पुढच्या वेळी ते मुळापासून सुरू होतं, त्यात जास्त वीज जाते. अडकलेलं ॲप बंद करायला हरकत नाही. बॅटरी सेव्हर चोवीस तास लावून ठेवू नका, संदेश आणि ईमेल उशिरा येतात. तो बॅटरी २० टक्क्यांवर आली की आपोआप सुरू होईल असा ठेवा.

उद्याची बॅटरी

आजची बॅटरी कशी टिकवायची ते झालं, आता ती दोन वर्षांनीही चांगली राहावी यासाठी. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतचं हवामान सांगितलं आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा त्याच्या कितीतरी वर जातो. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात नकाशा लावून त्याच वेळी फोन चार्ज करणं हा बॅटरीवर सगळ्यात मोठा अत्याचार आहे. फोन एसीच्या झडपेजवळ लावा. जाड कव्हरमध्ये फोन तापत असेल तर चार्जिंगपुरतं कव्हर काढा. उशीखाली ठेवून चार्ज करू नका, यात आगीचाही धोका आहे.

रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्यांनी ८० टक्क्यांची मर्यादा सुरू करावी. आयफोन १५ पासून ती सोय आहे, सॅमसंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन' या नावाने मिळते, बाकी कंपन्यांनीही कमीअधिक फरकाने दिली आहे. लांबच्या प्रवासाला निघताना मात्र १०० टक्के भरा. महिन्यातून चार वेळा पूर्ण भरल्याने काही बिघडत नाही.

आणि तरीही उतरत असेल तर

फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक फोनमध्ये पॉवर बटण दाबून 'पॉवर ऑफ'वर बोट धरून ठेवलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत. म्हणून ही चाचणी अशा रात्री करा, जेव्हा त्यांच्यावरचा अलार्म किंवा सूचना लागणार नाही. बॅटरी टिकली तर दोष एखाद्या ॲपचा. अलीकडे आलेली ॲप्स एकेक करून काढत जा. सेफ मोडमध्येही तेवढीच उतरली, फोन २०-३० टक्क्यांवर असताना अचानक बंद पडत असेल किंवा नुसता पडून तापत असेल, तर तो सर्व्हिस सेंटरला न्या. मागचं पॅनेल फुगलेलं दिसलं तर त्या क्षणापासून चार्ज करणं आणि वापरणं थांबवा.

जाताना बिल, 'बॅटरी युसेज'च्या पानाचे दोन-तीन दिवसांचे स्क्रीनशॉट आणि रात्रीच्या चाचणीचे आकडे सोबत ठेवा. 'बॅटरी लवकर उतरते' एवढंच सांगितलं तर अपडेट करून फोन परत हातात देतात. आकडे दाखवले तर तपासणी करावी लागते. वॉरंटी कार्डावर बॅटरीची मुदत वेगळी लिहिली आहे का तेही वाचून जा. डेटाचा बॅकअप आधी घ्या, कारण दुरुस्तीत फोन पूर्ण पुसला जाऊ शकतो. जुना फोन विकायची किंवा एक्स्चेंजला द्यायची घाई तोवर करू नका.