केसांच्या रंगावरून पूर्वजांचा माग कसा घ्यावा

कोल्हापुरात एखाद्या घरी भुऱ्या केसांचे, घाऱ्या डोळ्यांचे मूल जन्मले की पूर्वजांत कोणी युरोपीय असावा, असा तर्क रंकाळ्यावरच्या गप्पांत सहज केला जातो. तो तपासायचा असेल तर उन्हाने, मेंदीने किंवा प्रथिनांच्या कमतरतेने आलेली तांबूस छटा आधी वगळावी. लहान मुलांबाबत ही शेवटची शक्यता मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून प्रथम बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

त्यानंतर जनुकीय अहवालात १६व्या गुणसूत्रावरील एमसी१आर हे जनुक पाहावे. लाल केसांशी त्याचा संबंध १९९५ मध्ये दाखवला गेला. असे केस येण्यासाठी बहुधा आई आणि वडील या दोघांकडूनही बदललेली प्रत मिळावी लागते, त्यामुळे एकच प्रत असलेल्या व्यक्तीचे केस काळेही असू शकतात.

सोनेरी केसांसाठी केआयटीएलजी जनुकाजवळचा बदल शोधावा; मात्र तो सापडला म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. हा बदल सैबेरियातील अफोंतोवा गोरा येथील सुमारे १७,००० वर्षांपूर्वीच्या अवशेषांत आढळला आहे. युरोपात त्याचा प्रसार होण्यास सुमारे ५,००० वर्षांपूर्वी आलेल्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा मोठा हातभार लागला, आणि त्याच पशुपालकांचा वारसा कमी-अधिक प्रमाणात भारतीयांतही आहे. शिवाय सॉलोमन बेटांवरील कृष्णवर्णीय लोकांचे सोनेरी केस टीवायआरपी१ या जनुकातील स्वतंत्र बदलामुळे आलेले आहेत. म्हणून केवळ एका जनुकावर न विसंबता संपूर्ण जनुकसंचाची तुलना पाहावी आणि तिच्याशी घरातील वंशावळ ताडून घ्यावी.