शाळेत शेअरवेअर वापरताय? या चुका टाळा

‘टीचर, हें शिकून म्हाका कितें मेळटलें?’ गोव्यातल्या आमच्या शाळेत सातवीला पायथागोरस शिकवत असताना मागच्या बाकावरून हा प्रश्न आला आणि मला धड उत्तर देता आलं नाही. गणित कुठे लागतं, भूगोल कशाला हवा, भाषेचं व्याकरण कुठे उपयोगी पडतं, हे खेळातून दाखवणारी छोटी सॉफ्टवेअर मी तेव्हापासून शोधू लागले. त्यातली बरीच शेअरवेअर निघाली, म्हणजे आधी वापरा, पटलं तर पैसे द्या. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगलमन यांनी ‘पीसी-टॉक’ हा प्रोग्राम असाच लोकांच्या हाती दिला, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या बॉब वॉलेस यांच्या ‘पीसी-राइट’मुळे शेअरवेअर हा शब्द रूढ झाला. हा सगळा व्यवहार विश्वासावर चालतो. आपल्या तुटपुंज्या बजेटच्या शाळांना तो वरदान आहे, फक्त काही ठिकाणी हमखास घोटाळा होतो.

फुकट वापराची मुदत चवथीत घालवू नका

माझी पहिली चूक हीच. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीच्या आठवडाभर आधी मी उत्साहाने लॅबमधल्या बाराही संगणकांवर सॉफ्टवेअर चढवलं. मुलांनी दोन तास वापरलं आणि सुट्टी लागली. सुट्टीनंतर चाचणी परीक्षा आली. ती आटोपून लॅब उघडली तर बाराही पडद्यांवर एकच चौकट: मुदत संपली.

तीस दिवसांची मुदत म्हणजे वापरलेले तीस दिवस नव्हेत. पहिल्यांदा प्रोग्राम उघडला त्या दिवसापासून कॅलेंडरचे दिवस धावू लागतात. काही प्रोग्राम दिवसांऐवजी किती वेळा उघडला ते मोजतात, तिथे मुलांनी उगाच उघडझाप केली तरी मुदत खर्च होते. म्हणून आधी फक्त एका संगणकावर चढवा, सोबत येणारी ‘रीडमी’ फाइल वाचा आणि वहीत तारीख लिहा. बाकीच्या संगणकांवर चढवायचं ते तो धडा वर्गात येईल त्याच आठवड्यात.

मुदत संपली की कोणीतरी सुचवतंच, ‘घड्याळ मागे न्या.’ आमच्या लॅबमध्ये हा प्रयोग झाला. सॉफ्टवेअरने चलाखी ओळखली आणि ते उघडलंच नाही. वर इंटरनेटवरची पानं उघडेनात, कारण तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं ब्राउझरला अवैध वाटतात. पेन ड्राइव्हवरून कुणी ‘क्रॅक’, म्हणजे मुदतीचं कुलूप तोडणारी फाइल, आणून दिला तर तो मुळीच घेऊ नका. तोच पेन ड्राइव्ह उद्या निकाल ठेवलेल्या ऑफिसच्या संगणकाला लागणार असतो. आणि मुलांसमोर आपण कुलूप फोडतो आहोत, हेही विसरू नये.

चढत नाही, दिसत नाही

डाउनलोड नेहमी बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून करा. इतर साइटवर हिरव्या रंगाची तीन-चार बटणं असतात आणि खरं बटण त्यात हरवतं. चुकीचं दाबलं की नको ते टूलबार येऊन बसतात.

‘हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही’ असा संदेश आला तर प्रोग्राम बहुधा १६ बिटचा, म्हणजे खूप जुन्या विंडोजसाठी बनवलेला आहे. ६४ बिटच्या विंडोजवर असे प्रोग्राम चालतच नाहीत, कंपॅटिबिलिटीची खूण कितीही बदलली तरी. जुन्या प्रोग्रामांत कधी कधी आतलं सॉफ्टवेअर ३२ बिटचं आणि फक्त इन्स्टॉलर १६ बिटचा असतो. बनवणाऱ्याने नवा इन्स्टॉलर दिला आहे का, ते बघा. विंडोजच्या आधीच्या डॉसचा प्रोग्राम असेल तर ‘डॉसबॉक्स’मध्ये चालतो. पांढरी रिकामी चौकट दिसत असेल तर धडा बहुधा फ्लॅश या जुन्या अ‍ॅनिमेशनच्या तंत्रातला आहे. फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. ‘रफल’ या मोफत साधनात असे काही धडे अजून उघडतात.

मुलांनी देवनागरीत नाव टाइप केलं आणि पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं आली, तर फॉन्टला दोष देऊ नका. तो जुना प्रोग्राम युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्या मांडणारी संगणकाची पद्धत, वापरत नाही. तिथे नाव रोमन लिपीत लिहू द्या. विंडोजच्या खात्याचं नाव देवनागरीत असेल तर असे प्रोग्राम कधी उघडतच नाहीत, कारण त्यांना फोल्डरचा पत्ता वाचता येत नाही. रोमन नावाचं वेगळं खातं काढा.

आणखी एक तक्रार नेहमीची: ‘टीचर, कालचे गुण गेले!’ गुण जात नाहीत. जुने प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू पाहतात, विंडोज त्यांना तिथे लिहू देत नाही आणि ती फाइल ज्याने लॉगिन केलं त्याच्या खात्यात गुपचूप ठेवते. दुसऱ्या खात्यातून बघितलं तर पाटी कोरी. सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून त्यात चढवा, म्हणजे हा त्रास वाचतो.

पैसे भरण्याआधी बनवणाऱ्याला एक ईमेल पाठवा. उत्तर आलं तरच भरा. बारा संगणकांसाठी नोंदणीची एकच किल्ली (पैसे भरल्यावर मिळणारा कोड) चालेल का आणि शाळेला सवलत आहे का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. मिळालेली किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा, संगणक फॉरमॅट झाला की ती हमखास लागते.

सगळं नीट चाललं, तरीही

आता सर्वांत मोठी चूक. सॉफ्टवेअर चालू झालं, मुलं गुण मिळवू लागली, की आपण निश्चिंत होतो. माझ्या वर्गात पायथागोरसचा ‘उपयोग’ दाखवणारा प्रश्न बेसबॉलचा होता. मैदानाची बाजू ९० फूट, मग होम प्लेटपासून सेकंड बेस किती दूर? मुलांनी सूत्रात आकडे घातले, १२७ फूट उत्तर काढलं, पडद्यावर तारे उधळले. मी विचारलं, सेकंड बेस म्हणजे काय? एकालाही सांगता आलं नाही. गणित कुठे लागतं हे शिकवणाऱ्या धड्यातून मुलं एवढंच शिकली की गणित कुठेतरी दूर, आपल्याला न कळणाऱ्या जागी लागतं.

‘म्हाका कितें मेळटलें’ विचारणारा तो मुलगा चवथीनंतर शाळेत आला तेव्हा त्याच्या बोटांना केवणीच्या सालीच्या दोरांचे वळ होते. घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, त्याने वडिलांबरोबर बांधली होती. चौकट तिरकी झाली तर नारळ आणि सुपारीचे घोस एका बाजूला ओढतात. म्हणून वडील एका बाजूवर तीन फुटांची आणि दुसरीवर चार फुटांची खूण करतात, दोन खुणांमधलं अंतर पाच फूट आलं की कोपरा पक्का झाला म्हणतात. मी फळ्यावर तीन, चार, पाच यांचे वर्ग लिहिले. तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘बाबाक हें खबर ना, पूण तो हेंच करता.’

म्हणून आता मी सॉफ्टवेअर निवडताना पहिली गोष्ट बघते: आपले प्रश्न घालता येतात का? काही प्रोग्राम साध्या मजकुराच्या फाइलमधून प्रश्न घेतात. नोटपॅडमध्ये ती फाइल यूटीएफ-८ निवडून सेव्ह करायची, नाहीतर देवनागरीची पुन्हा प्रश्नचिन्हं होतात. ही सोय नसेल तर पैसे भरू नका. त्याऐवजी ‘जिओजेब्रा’ या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये मुलं माटोळीची चौकट स्वतः आखू शकतात, ‘फेट’चे विज्ञानाचे कितीतरी प्रयोग मराठीत आहेत, आणि शाळेला दोन्ही फुकट आहेत.

आमच्या फाइलमध्ये सध्या मुलांनीच केलेले प्रश्न आहेत. चोडणहून येणाऱ्या एका मुलीच्या घरी खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती आहे. भरतीचं पाणी चढलं की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं त्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, हे तिने लहानपणापासून बघितलंय. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे तिला भूगोलाच्या तासाला कळलं. तिचा प्रश्न असा: ‘आज भरती पहाटे सव्वासहाला पूर्ण आली. उद्या किती वाजता येईल?’ उत्तराच्या रकान्यात तिने लिहिलंय, ‘सुमारे सात वाजून पाच मिनिटं. बघून सांगते.’