मोपाच्या विमानांकडे बघणाऱ्या मुलींसाठी: शिष्यवृत्तीचा अर्ज

मी पेडण्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. जानेवारी २०२३ मध्ये इथल्या, गोव्यातल्या नव्या मोपा विमानतळाहून विमानं उडायला लागली आणि वर्गातले प्रश्नच बदलले. "टीचर, विमान दुरुस्त करायला बायका असतात?" असतात गो. पण घरी फीचा आकडा सांगितला की बापाचा चेहरा उतरतो, म्हणून हे लिहिते आहे.

कॉलेज निवडण्याआधी एक गोष्ट तपासा. विमान देखभालीच्या, म्हणजे एएमईच्या संस्थांना डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, मान्यता असते. मुलींसाठीची 'प्रगती' शिष्यवृत्ती मात्र एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, देते आणि ती एआयसीटीईमान्य संस्थेतल्या डिप्लोमा किंवा डिग्रीलाच मिळते. माझ्या एका विद्यार्थिनीला प्रवेशाच्या वेळी "सगळ्या मान्यता आहेत" असं सांगितलं होतं. फी भरून झाल्यावर कळलं की त्यात एआयसीटीईची नव्हती. दोन्ही याद्या ऑनलाइन असतात. तोंडी शब्दावर जाऊ नका, संस्थेचं नाव स्वतः शोधा.

प्रगतीचे वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. डिप्लोमाला तीन वर्षं, डिग्रीला चार. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि एका घरातल्या दोनच मुलींना लाभ मिळतो. अर्ज पहिल्या वर्षाला करायचा, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला असेल तर तेव्हा. डिप्लोमासाठी दहावीचे गुण धरतात, डिग्रीसाठी बारावीचे. एरोनॉटिकलच हवं असंही नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स घेऊनही या क्षेत्रात येता येतं.

अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. आधी वन टाइम रजिस्ट्रेशन, मग फॉर्म. फॉर्म सोपा आहे. मुली अडकतात त्या कागदांत.

आपल्याकडे गांवकर आडनाव इंग्रजीत कुणी 'एओ'नं लिहितं, कुणी 'एयू'नं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं असेल, तर मे महिन्याच्या सुट्टीतच आधार दुरुस्त करून घ्या. उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून काढायचा, चालू वर्षाच्या अर्जाला लागतो तोच. गेल्या वर्षीचा भावाचा दाखला चालत नाही. आणि बँकेत जाऊन "आधार लिंक आहे का?" एवढंच विचारू नका. केवायसीला आधार दिलं म्हणजे अनुदान त्या खात्यात येईलच असं नाही. "या खात्याचं एनपीसीआय मॅपिंग झालंय का?" असं स्पष्ट विचारा, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे याच खात्यात जमा होतील अशी नोंद झाली आहे का. वडिलांचं खातं देऊ नका, मुलीच्या नावाचं हवं.

फॉर्म सबमिट झाला की काम संपलं असं समजून मुली घरी बसतात. कॉलेजनं तो पोर्टलवर पडताळावा लागतो. दर चार दिवसांनी स्टेटस बघा, अडला असेल तर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन नम्रपणे उभ्या राहा. दर वर्षी नूतनीकरण असतं, तेही विसरू नका.

बीएस्सी करणाऱ्यांना वेगळी वाट आहे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेणार असाल, तर केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० रुपये आहेत. फिजिक्स-मॅथ्सची बीएस्सी एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या भरती परीक्षेलाही चालते. माझ्या विषयाला मुली घाबरतात, म्हणून हे मी वर्गात मुद्दाम सांगते.

पुढे एरोस्पेसमध्ये पीएचडी करणार असाल, तर झोंटा इंटरनॅशनल या महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची अमेलिया इअरहार्ट फेलोशिप बघा. १९३८ पासून ती फक्त बायकांना देतात, रक्कम १०,००० डॉलर, आणि कुठल्याही देशाची मुलगी अर्ज करू शकते. देखभाल, इंजिनिअरिंग आणि उड्डाण यांसाठी विमेन इन एव्हिएशन इंटरनॅशनल या संस्थेच्याही शिष्यवृत्त्या असतात. त्यासाठी आधी सभासद व्हावं लागतं. अशा ठिकाणी शिफारसपत्र लागतं. ते शेवटच्या आठवड्यात मागू नका. महिनाभर आधी या, तुम्ही वर्कशॉपमध्ये, लॅबमध्ये काय केलं ते कागदावर लिहून आणा. म्हणजे मला दोन ओळींच्या जागी पानभर लिहिता येईल.