कातळशिल्पांच्या फोटोंची नावं बदलण्याआधी

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, पावसाआधीची भटकंती संपली की कॅमेऱ्यांच्या कार्डांतून कातळशिल्पांचे ढीगभर फोटो उतरतात आणि सगळ्यांची नावं 'डीएससी' अन् पुढे चार आकडे. हा हत्ती उक्षीचा की कशेळीचा, नावावरून कळायला मार्ग नाही. कातळात कोरलेली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यांच्या नोंदी नेटक्या असायलाच हव्यात. नावं लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एका आज्ञेत बदलतात, पण त्याआधी थोडी तयारी लागते.

पहिल्यांदा मूळ फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. प्रत करणाऱ्या साध्या 'सीपी' (cp) आज्ञेने प्रतीवर आजची तारीख पडते, 'सीपी उणे ए'ने (cp -a) जुनी टिकते. लॅपटॉप पूर्ण चार्ज असू द्या. वळवाच्या दिवसांत लाईटचा भरवसा नसतो.

मग वही उघडा. सड्यावर उभ्या उभ्या लिहिलेलं असतं : '०४१२, हत्ती, सोंडेकडून.' त्या फोटोचं नुसतं 'उक्षी_हत्ती_००१' केलंत तर वहीतली नोंद पोरकी होते. म्हणून नव्या नावाच्या शेवटी जुना नंबर ठेवाच. ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ वर येतो, तेव्हा तारीखही हवी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन रकान्यांची फाइल आधीच करून ठेवा. सगळ्या तयारीत मला हीच सर्वांत मोलाची वाटते, कारण उलटं फिरायची वेळ आली तर वाट तीच दाखवते.

नावं मराठीत देणार असाल तर 'पऱ्याजवळ' (ओढ्याजवळ) हा शब्द गटातल्या प्रत्येकाकडून टाइप करून घ्या. तो अर्धा र कुणी 'ऱ'ला हलन्त देऊन लिहितं, कुणी साध्या 'र'ला हलन्त आणि मागे न दिसणारा जॉइनर देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. शोधायला गेलं की काही फोटो सापडतच नाहीत. एकच पद्धत ठरवा. नावं आटोपशीरही ठेवा : लिनक्सवर सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं.

आज्ञा आधी दहाबारा फोटोंच्या वेगळ्या फोल्डरवर चालवा. नावं बदलणाऱ्या उबुंटूवरच्या 'रीनेम' (rename) आज्ञेला 'उणे एन' (-n) दिलं की ते काय बदलेल एवढंच दाखवतं. फाइल हलवणाऱ्या किंवा तिचं नाव बदलणाऱ्या 'एमव्ही'ला (mv) तेच 'उणे एन' दिलं तर ते खरंच नावं बदलतं, फक्त त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यावर लिहीत नाही. ते न देता चालवलेलं 'एमव्ही' सहसा न विचारता जुनी फाइल पुसून टाकतं. उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या दोन प्रकारांवरचं 'रीनेम' एकच नव्हे, तेव्हा आपल्या मशीनवरचं मॅन्युअल वाचूनच आज्ञा लिहा.

शेवटी सगळ्या फायली मोजून आकडा वहीत टिपा आणि 'शा२५६सम'ची (sha256sum) यादी काढून ठेवा; ही आज्ञा प्रत्येक फाइलच्या आतल्या मजकुरावरून एक ओळखआकडा काढते. नाव बदलल्याने हा ओळखआकडा बदलत नाही, त्यामुळे काम झाल्यावर ताडून पाहता येतं. दोन्ही जुळेपर्यंत कार्डं पुसू नका.