आयटीआय आणि कारखानदार यांची भागीदारी कशी उभारावी

एखाद्या औद्योगिक वसाहतीतील उद्योजक संघटना जवळच्या शासकीय आयटीआयशी भागीदारी करायला निघते, तेव्हा बहुधा पहिला विचार यंत्र भेट देण्याचा होतो, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते. सुरुवात तिथून करू नये. मी पाहिलेल्या एका संस्थेत असे भेट मिळालेले सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथ मशीन दोन वर्षे प्लास्टिकच्या आवरणाखाली उभे होते. संस्थेचा मंजूर वीजभार अपुरा होता आणि इन्सर्ट (धातू कापणारी बदलती पाती) विकत घ्यायला पैशांची तरतूद नव्हती. शिवाय मशीन डेडस्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या कायम मालमत्तेच्या नोंदवहीत) चढलेले असल्यामुळे, बिघडले तर भरपाई कोणाकडून, या धास्तीने शिल्प निदेशक (ट्रेड शिकवणारे शिक्षक) त्याला हातच लावत नव्हते.

त्यामुळे पहिला महिना संघटनेने आपल्याच सदस्यांकडे फिरण्यात घालवावा. येत्या दोन वर्षांत प्रत्येक कारखान्याला किती जोडारी (फिटर), किती कातारी (टर्नर), किती संधाते (वेल्डर) लागतील आणि त्यांना सुरुवातीला किती पगार दिला जाईल, हे सहीनिशी लिहून घ्यावे. पगाराचा आकडा टाळू नये. ‘कुशल माणूस मिळत नाही’ या तक्रारीचा अर्थ अनेकदा ‘आम्ही देतो तेवढ्या पैशांत मिळत नाही’ इतकाच असतो, आणि तो प्रश्न कोणतेही प्रशिक्षण सोडवू शकत नाही. जोडारीची एक तुकडी वीस मुलांची असते. तेवढ्या मुलांना सामावून घेण्याची हमी सगळ्या सदस्यांकडून मिळून येत नसेल, तर ट्रेड बदलावा किंवा थांबावे.

पैशांच्या बाबतीत एक जुना अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. केंद्र सरकारने २००७-०८ मध्ये १,३९६ शासकीय आयटीआय खासगी भागीदारीतून सुधारण्याची योजना आखली. उद्योगातील व्यक्तीच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समिती नेमायची, तिची सोसायटी म्हणून नोंदणी करायची आणि तिला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज द्यायचे, अशी तिची रचना होती. पहिली दहा वर्षे परतफेड नव्हती; पुढच्या वीस वर्षांत समान हप्त्यांनी पैसे फेडायचे होते, म्हणजे वर्षाला साडेबारा लाख. प्रशिक्षणाचे शुल्क नाममात्र असणाऱ्या संस्थेला एवढी रक्कम कमावून देणे अवघड, हे समित्यांना लगेच उमगले, आणि अनेक ठिकाणी कर्जातला मोठा वाटा कार्यशाळेत जाण्याऐवजी बँकेच्या मुदत ठेवीत जाऊन बसला. समित्यांना दोष देणे सोपे आहे. माझ्या मते दोष योजनेच्या रचनेत होता. आता २०२५ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-सेतू योजनेत एक हजार आयटीआयसाठी साठ हजार कोटी रुपये ठरले असून त्यांपैकी दहा हजार कोटी उद्योगांनी उभारायचे आहेत. मोठी रक्कम दारात आली, तरी परतफेड कोणत्या उत्पन्नातून, हे आधी कागदावर मांडावे.

करारनाम्यात भव्य उद्दिष्टांपेक्षा किरकोळ बाबींना अधिक जागा द्यावी. दर महिन्याला किती किलो माइल्ड स्टील, किती वेल्डिंग रॉड आणि किती हॅक्सॉ ब्लेड कोण पुरवील? कारखान्यात निघणारे, पण सरावाला चालण्यासारखे तुकडे संस्थेला देण्याची सोय एका कलमात करता येते, आणि ते कलम यंत्रापेक्षा मोलाचे ठरते. जोडारीकामात हात बसतो तो कानसीखाली रोज नवा तुकडा आला तरच. वाढीव वीजबिल कोण भरील, देखभालीचा करार कोणाच्या नावावर असेल आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत कारागीर येईल, हेही लिहावे.

सर्वाधिक लक्ष मात्र शिल्प निदेशकांकडे द्यावे. पंधरा वर्षे कारखान्यात पाऊल न टाकलेला निदेशक नव्या मशीनवर मुलांना काय शिकवणार? दर उन्हाळ्यात त्यांना दोन आठवडे सदस्य कारखान्यात पाठवावे, तिथे पाहुण्यासारखे न बसवता पाळीत उभे करावे, आणि उलट दिशेने कारखान्यातील एखाद्या मुरलेल्या फोरमनला आठवड्यातून एक दिवस संस्थेत बोलवावे. फोरमनच्या त्या दिवसाचा पगार मालकाने कापू नये, हेही करारातच लिहावे, नाहीतर दिवाळीच्या ऑर्डरी आल्या की तो दिवस सर्वांत आधी रद्द होतो.

मुलांना प्रत्यक्ष कारखान्यात शिकवण्यासाठी दुहेरी प्रशिक्षण पद्धत उपलब्ध आहे. तीत अभ्यासक्रमाचे काही महिने कारखान्यात काढायचे असतात. अभ्यासक्रम संपल्यावर शिकाऊ उमेदवारी आहेच. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार कंत्राटी कामगार धरून तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि लहान कारखान्यांना एकत्र येऊन प्रशिक्षण देण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. विद्यावेतनापैकी २५ टक्के, कमाल दरमहा दीड हजार रुपये, केंद्र सरकार सोसते. हे उमेदवार कायद्याने कामगार नसले, तरी सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांच्या तरतुदी त्यांना लागू होतात. त्यांना रात्रीच्या पाळीचा स्वस्त हेल्पर समजणाऱ्या सदस्याला संघटनेने पहिल्याच वर्षी बाजूला करावे.

नवे सत्र साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होते आणि प्रवेशाआधी करार, मंजुऱ्या व तुकडीची निश्चिती व्हावी लागते. म्हणून प्राचार्यांशी पहिली बैठक दिवाळी उरकताच घ्यावी; मार्चअखेरच्या हिशेबांत त्यांनाही उसंत नसते आणि कारखानदारांनाही नसते.