एकाच अंड्यातून रक्त आणि चेतानलिका: व्हायमेंटिन पाहण्याची रीत

कोंबडीच्या चार दिवसांच्या गर्भात चेतानलिकेत (पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी) चेतापेशी घडत असतात आणि रक्तही फिरू लागलेले असते. दोन्हीकडे व्हायमेंटिन या प्रथिनाचे सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे तंतू असतात. पुढे वाटा फुटतात. चेतापेशीचे विभाजन थांबले की न्यूरोफिलामेंट (चेतापेशींचे तंतू-प्रथिन) येते आणि व्हायमेंटिन ओसरते. कोंबडीच्या तांबड्या पेशीत ते केंद्रकासह टिकते, सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी मात्र दोन्ही गमावतात. हा फरक पाहायचा तर दोन्ही स्लाइड एकाच अंड्यातून करा. संस्थेच्या प्राणी-नीती समितीला आधी विचारा.

निम्मे प्रयोग अंड्यापाशीच फसतात. ट्रेमधली फार्मची अंडी फलित नसतात. कोंबडा फिरतो अशा घरची गावठी अंडी हवीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली दिसायला छान, पण ती कधी घातलेली, उन्हात किती वेळ राहिली, हे कळत नाही. साधारण २१ अंश सेल्सिअसच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो, आणि गोव्यातली खोली बहुतेक वर्ष त्याहून गरम असते. मग तुमच्या वहीतला 'शून्य तास' खोटा ठरतो. घातल्याच्या दिवशीच अंडी १५ ते १८ अंशांवर ठेवा, आठवड्याच्या आत वापरा.

इनक्युबेटर ३८ अंश, आर्द्रता ६० टक्के, अंडे आडवे, ९६ तास. पावसाळ्यात पाण्याचे भांडे लहान ठेवा. वीज गेली तर झाकण उघडून डोकावू नका. तिसऱ्या दिवशी बोथट टोकातून सुईने २ ते ३ मिलिलिटर पांढरा बलक काढून भोक चिकटपट्टीने बंद करा. नाहीतर खिडकी कापताना कवचाला चिकटलेल्या रक्तवाहिन्या फाटतात.

रक्त आधी घ्या. बारीक काचनळीने पिवळ्या बलकावरच्या शिरेतून थोडे रक्त हेपरिन (रक्त गोठू न देणारे) घातलेल्या रिंगर द्रावणात सोडा (एका लिटरला सोडियम क्लोराइड ७.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम, निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.१७ ग्रॅम). पॉलिलायसिन (पेशी चिकटवून ठेवणारे) लावलेल्या कव्हरस्लिपवर १५ मिनिटे पेशी बसू द्या आणि उणे २० अंशांच्या मेथॅनॉलमध्ये ७ मिनिटे बुडवा. वाटेत कव्हरस्लिप सुकली तर तंतूंची जाळी केंद्रकाभोवती गोळा होते आणि तुम्ही त्यालाच निष्कर्ष समजून बसता.

गर्भ स्थिर करण्यासाठी ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, पीएच ७.४, बर्फावर २ तास. पूड वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच (फ्यूम हूड) मोजा, मास्क लावून. रात्रभर ठेवले की व्हायमेंटिनचा रंग मंदावतो. मग १५ टक्के आणि नंतर ३० टक्के सुक्रोज, गर्भ तळाला जाईपर्यंत. घाई केल्यास बर्फाचे स्फटिक ऊतीत भोके पाडतात. क्रायोस्टॅटवर (गोठलेली ऊती कापणारे यंत्र) १२ मायक्रोमीटरचे आडवे छेद, पंखांच्या अंकुरांच्या पातळीवर.

पुढचे दोन्ही स्लाइडना सारखे. ५ टक्के शेळीचे सीरम व ०.१ टक्के ट्रायटन, १ तास. मग प्राथमिक अँटिबॉडी (त्या-त्या प्रथिनाला चिकटणारी): व्हायमेंटिनसाठी एएमएफ-१७बी, न्यूरोफिलामेंटसाठी ३ए१०. रात्रभर ४ अंशांवर, सुरुवातीला मिलिलिटरला २ ते ५ मायक्रोग्रॅम. दोन्ही उंदराच्या अँटिबॉडी असल्याने एकाच छेदावर मिसळू नका, शेजारशेजारचे छेद वापरा. दुय्यम अँटिबॉडी (प्राथमिक अँटिबॉडीला चिकटून चमकणारी) लाल घ्या: फॉर्माल्डिहाइडनंतर छेदातल्या तांबड्या पेशी हिरव्या पट्ट्यात आपोआपच चमकतात. शेवटी डीएपीआय (केंद्रक रंगवणारा रंग), ५ मिनिटे. प्राथमिक अँटिबॉडीविना एक स्लाइड दर वेळी हवीच.

चेतानलिकेत व्हायमेंटिन आतल्या पोकळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत ताणलेल्या दोऱ्यांसारखे दिसते. न्यूरोफिलामेंट कडेच्या थरात, पोटाकडच्या बाजूला अधिक ठळक, तिथून बाहेर पडणाऱ्या मुळांतही. सगळीकडे एकसारखा लाल उजेड असेल तर धुणे कमी पडले आहे.

रक्ताच्या पेशीत केंद्रकापासून पटलाकडे जाणारे नागमोडी तंतू शोधा. न्यूरोफिलामेंटचा रंग इथे दिसला तर लगेच चूक म्हणून टाकू नका: कोंबडीच्या तांबड्या पेशीत न्यूरोफिलामेंटचे एक उपएकक असते, हे १९८३ पासून माहीत आहे. प्राथमिक अँटिबॉडीविना केलेली नियंत्रण स्लाइड काळी असेल, तर तशीच दुसरी रक्ताची स्लाइड न्यूरोफिलामेंटच्या दुसऱ्या अँटिबॉडीने रंगवून पाहा.